रिकाम्या तारखा लाल

रंगांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! माझ्या लग्नातला चुडा कर्जतच्या कासारानं भरला, त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, पण तो हिरवा अजून डोळ्यांसमोर आहे. राबातलं कोवळं भाताचं रोप असतं ना, अगदी तस्सा! त्यामुळे नात रिया म्हणाली, "आजी, जरा रंग निवडायला बस गं," तेव्हा मी चष्मा पुसून तयारच होते.

रिया आमच्या चौक गावात घरी बसूनच वेबसाइट बनवते. खालापूरच्या आबाजींच्या लग्नाच्या हॉलची साइट हे तिचं पहिलंच काम. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या नवीननं, आधीच ठणकावलं होतं, "हे फसलं तर सोमवारपासून रसायनीच्या कंपनीत. मी साहेबांशी बोलून ठेवलंय!"

हल्ली म्हणे साइट पायापासून बांधावी लागत नाही. बटणं, चौकटी, कॅलेंडर, सगळं तयार मिळतं. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आपण फक्त रंगांचे डबे भरायचे. एका डब्यातला रंग बदलला की साइटभर बदलतो! मी मुख्य रंग हळदीचा दिला, कडेला शेल्याचा जांभळा. रिया खूश. साइट चालू केली आणि ती आंघोळीला गेली.

मग माझी नजर कॅलेंडरवर पडली. ठरलेल्या लग्नांच्या तारखा लाल, आणि त्या लाल डब्याचं नाव काय? डेंजर! लग्न ठरलं की डेंजर? आणि रिकाम्या तारखा हिरव्यागार! अहो, हिरवा चुडा लग्न ठरल्यावर भरतात की ठरायच्या आधी? मी दोन डब्यांतल्या रंगांची अदलाबदल केली आणि सेव्हचं बटण दाबलं. पोरीला तेवढाच हातभार!

दुपारी आबाजींचा फोन आला. फोन कसला, घाटातल्या टेंपोचा हॉर्न!

"रिया, आत्ताच्या आत्ता ये! हिरामण चार माणसं घेऊन हॉलात बसलाय. त्याच्या पोरीची तारीख तू रिकामी दाखवलीस!"

रियानं लॅपटॉप उघडला आणि तिचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला.

"आजी, रंग कोणी बदलले?"

"सुधारले," मी म्हणाले.

तिनं रंग परत फिरवले आणि रिक्षा बोलावली. मीही चढले. खालापूर येईपर्यंत ती नखं खात होती आणि मी पदर.

हॉलात हिरामण खुर्चीवरून उठून ओरडत होता, "आमी पत्रिका वाटल्या! आन आज तिघं जण नारळ घेऊन आले त्याच तारखेला! आबाजी, कोणाला इकली आमची तारीख?"

"कोणालाच नाय रं!"

"मग हिरवी कशी झाली?"

आबाजी रियाकडे वळले. "पोरी, बंद कर तुझी साइट. दुसरा कोण बघतो मी."

रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढे झाले. "हिरवी मी केली. हिरामणभाऊ, तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय, म्हणून हिरवी! ठरलेल्या लग्नाला डेंजर लावू?"

हिरामणनं आबाजींकडे पाहिलं, आबाजींनी वर पंख्याकडे.

कोपऱ्यात हिरामणची आई जिजाबाई बसली होती. ती पुढे सरकली. "बया बराबर बोलते रं. ठरल्याबिगर चुडा भरतंय का कोण?"

"आये, पण मोबाइलात हिरवी म्हंजे रिकामी..."

"लगीन मोबाइलाचं हाय का पोरीचं?"

हिरामण धप्पकन खाली बसला. आबाजींनी बुकिंगची पावती त्याच्या हातात पुन्हा ठेवली, नारळवाल्यांना फोन करून दुसऱ्या तारखा दिल्या आणि घाम पुसत रियाला म्हणाले, "काम तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. पण ते हिरवं-लाल नको मला. सरळ अक्षरात लिव!"

संध्याकाळी रियानं प्रत्येक तारखेखाली लिहिलं, 'भरलेली' किंवा 'रिकामी'. मग तक्रारीचा एकही फोन आला नाही.

"म्हणजे रंगांना तसा काही अर्थच नव्हता?" मी जरा दुखावूनच विचारलं.

"आजी," रिया लॅपटॉप मिटत म्हणाली, "अर्थ असेल असं वाटलं असतं, तर ते काम तुला दिलं असतं का?"