खरबा चिकटला

डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर खडकांत जी डबकी उरतात, त्यांतल्या एकात खरबा नावाचा बोटभर मासा राहतो, असा अर्ज कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सुषमाताईंनी सरकारी कार्यालयात दिला. त्या डबक्यावर सिमेंट ओतून सेल्फी पॉइंट होणार होता. कपारीत अंडी होती आणि नर पहाऱ्यावर होता. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो जागा सोडत नाही, तेवढं थांबा, एवढंच ताईंचं म्हणणं.

अर्जात एक वाक्य होतं : ‘हा मासा पोटाखालच्या चकतीने खडकाला चिकटतो व भरतीवर जगतो.’

काशीनाथ कारकुनांनी ‘भरती’खाली लाल रेघ मारली.

“मॅडम, भरती बंद आहे.”

“समुद्राची?”

“सगळीच. वरून स्थगिती आहे.”

“अहो, ती दिवसातून दोनदा येते!”

“दोनदा? जाहिरात न देता?” काशीनाथ खुर्चीत ताठ झाले. “बाहेर बोलू नका हां. मी अजून हंगामीच आहे.”

अर्ज आस्थापना शाखेत गेला. शाखेने कळवलं की, भरतीस स्थगिती असल्याने सदर ठिकाणी नवे पाणी येणार नाही. सबब आहे ते पाणी साचलेले समजावे. साचलेलं पाणी हिवताप विभागाकडे. त्या विभागाने तातडीचा आदेश काढला : डबके बुजवावे आणि नंतर त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत.

कंत्राटदार दीपेशने ओहोटीला कडेकडेने सिमेंट ओतायला घेतलं. गप्पी माशांची बादली घेऊन निघालेली जीप चारोटीला चहासाठी थांबली. तेवढ्यात, स्थगितीला न जुमानता, भरती आली. सिमेंट, घमेली आणि उद्‌घाटनाची फीत घेऊन गेली.

“सगळं वाहून गेलं, साहेब,” दीपेश ओल्या पँटीने कार्यालयात येऊन म्हणाला. “तो मासा तेवढा चिकटून बसलाय.”

“चिकटला?” काशीनाथांचा आवाज फाटला. “भरती बंद असताना?”

काशीनाथांच्या वरच्या साहेबांनी नियम पाहिले. भरती झाली आहे. उमेदवार चिकटला आहे. म्हणजे तो कायम. आणि कायम माणसाला बदलीशिवाय जागेवरून हलवता येत नाही. तलासरीला बदली करावी, तर तिथे डबकं रिक्त नाही. सेल्फी पॉइंट रद्द झाला.

चार भरत्यांनंतर पिल्लं बाहेर पडली, तेव्हा सुषमाताई खडकावर एकट्याच खो-खो हसत होत्या.

तेव्हापासून त्यांचा फोन थांबलेला नाही. आशागडहून, कासाहून, कुठूनकुठून. अंडी वाचली का, असं कुणी विचारत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच : “ताई, तुमचा खरबा कुणाच्या ओळखीने चिकटला?”

काल एक सभ्य आवाज म्हणाला, “वशिलेबाजी मला मुळीच खपत नाही. पण आमच्या मुलाचं जरा बघा ना. पोहता येत नाही त्याला, पण शिकेल.”

ताईंनी नंबर जपून ठेवला आहे. आवाज अगदी तुमच्यासारखा होता म्हणतात.