बाईसाहेबांच्या गार ताटाची हकीकत

अंगाची आग निवविणाऱ्या देवतेस दंडवत घालोन, शके सोळाशे अठ्ठ्याहत्तर, धाता नाम संवत्सरी, समुद्रकाठच्या एका राज्यी जे वर्तमान जाहाले ते लिहितो. राज्याचे नाव कोणी पुसू नये. लिहिणार मुदपाकखान्यात घटिकापात्रापाशी बसणारा इसम, आता थकला आहे, सबब चूकभूल पोटात घालावी.

त्या राज्याच्या धनीण अंबिकाबाईसाहेब. मुदपाकखान्याची रीत ऐसी की, पहिला घास येसू नामे बाईने चाखावा, आणि मग घटिकापात्र घंगाळातील पाण्यात चार वेळा बुडेतो वाट पाहावी. येसू धडधाकट राहिली म्हणजे विष नाही ऐसे जाणोन ताट बाईसाहेबांपुढे जावे. बाईसाहेबांचा बांगड्याच्या कालवणावर जीव फार. तो चैत्रमासी जेवण होताच अंगभर गांधी उठल्या, आणि मुख लाल जाहाले, आणि ओठ सुजोन बोलणे खुंटले. वैद्य आले, ते शीतपित्त म्हणोन गेले. मग मांत्रिक आले, ते दृष्ट म्हणाले आणि पोटभर जेवोन गेले. मग कारभारी हैबतराव बोलिले, "विष सावकाश चढणारे दिसते. वाट अधिक पाहावी." मग चारांच्या आठ घटिका जाहाल्या आणि दुखणे वाढले, मग आठांच्या सोळा जाहाल्या आणि दुखणे आणिक वाढले, सकाळचे कालवण दिवस कलता ताटात पडू लागले. यातील एकूण एक घटिका या हातांनी मोजिली, आणि ताट गार होते हे डोळ्यांनी पाहिले, आणि तोंड उघडले नाही.

ऐसी दोन वर्षे गेली. बाईसाहेब दरबारी बसेनाशा जाहाल्या, खाजवून खाजवून हात सोलले, आणि ताट दिसताच डोळ्यांस पाणी येई. मग हैबतरावांनी तर्क काढिला की, येसू तेच अन्न खाते आणि तीस काही होत नाही, तेव्हा मागाहून विष कालवणारी तीच. कडेलोटाचा कागद सिद्ध जाहाला, शिक्का तेवढा राहिला. तेव्हा बाईसाहेबांनी तीस समोर बोलाविले आणि बोलिल्या, "येसू, खरे काय ते सांग. मला आता रागावण्याचेही त्राण उरले नाही."

येसू रडत बोलिली, "बायसायब, मी चुलीवरचा ऊन ऊन खातंय. तुमच्या ताटात जाईसर तो बांगडो फिरता, नासता. आमच्याकडे असलो मासो मांजराकसुद्धा घालनत नाय."

 बाईसाहेब भिंतीस धरोन उठल्या, आणि आपल्या पायांनी मुदपाकखान्यात आल्या, आणि चुलीपाशी येसूच्या पाटाशेजारी पाट मांडविला. हैबतराव धावत येऊन बोलिले, "आणि खरेच विष असले तर?"

बाईसाहेब बोलिल्या, "तर आम्ही दोघी एकदम जाऊ. हैबतराव, दोन वर्षे मी एकटीच जाते आहे."

मग नुकता जाळ्यातून आलेला बांगडा शिजताच दोघी जेवल्या. मी सवयीने पात्र पाण्यात सोडिले आणि सोळा घटिका मोजिल्या. एक गांध उठली नाही. बाईसाहेबांनी तो कागद चुलीत घातला आणि त्या तेथेच पाटावर स्वस्थ झोपी गेल्या.

येणेप्रमाणे येसू वाचली. दुखणे मात्र समूळ गेले ऐसे नाही. लोणचे, आंबट ताक आणि शिळे अन्न वर्ज्य केले, दुपारचे ऊन टाळिले, तरी एखादे दिवशी काही कारण नसता गांधी उठतात, आणि का म्हणोन पुसता वैद्य आभाळाकडे पाहातात. ते दिवशी येसू आमसुलाचे पाणी अंगास लाविते आणि दोघी उगीच बसोन राहातात. हल्ली आमसुले भिजतात ती घटिकापात्राच्या त्याच घंगाळात. ते पाणी नेऊन देण्याचे काम मजकडे आहे, ते मी वेळ न लाविता करितो. याहून अधिक लिहावयास हात उठत नाही.