बालिंतने गाडी चालवली

हंगेरीतल्या किशदोम्ब गावच्या पोस्टात चोवीस वर्षं ज्याची पाकिटं त्याच्याच हाती पोचवणाऱ्या मार्तोन बालिंतने उभ्या आयुष्यात एकच पाकीट चुकीच्या माणसाला दिलं. तो माणूस तो स्वतः होता.

झालं असं, की गावाजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर एक परदेशी कंपनी सिनेमा काढायला आली. गोष्ट म्हणे खरी घडलेली. घरात बसून मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम खेळणारा एक पोरगा होता, त्याला एक दिवस खऱ्या गाडीत बसवलं आणि तो खरोखरीचा शर्यतपटू झाला. गावाने गोष्ट ऐकली आणि सोडून दिली. बालिंतच्या मात्र ती काळजात जाऊन बसली.

कारण त्याचा मुलगा व्हिएन्नाला नोकरीला गेला तेव्हा असलंच गेमचं यंत्र मागे ठेवून गेला होता. त्याला सहा वर्षं झाली. बालिंतने गेमचं स्टिअरिंग बायकोच्या, म्हणजे इबोयाच्या, शेवया लाटायच्या पाटाला स्क्रू मारून पक्कं केलं आणि सोफ्यावर बसल्या बसल्या जगातल्या झाडून सगळ्या ट्रॅकवर गाडी पळवली. (तेव्हापासून त्यांच्या रविवारच्या सूपात विकतच्या शेवया असतात. मी मूळचा सांगलीचा, पण बावीस वर्षं त्यांच्या शेजारी राहतोय. ते सूप मी प्यायलोय. इबोयाचा राग मला रास्त वाटतो.) त्यांच्या घरातली खरी गाडी इबोयाच चालवते. बालवाडीचं जेवण व्हॅनमध्ये घालून ती रोज तीन टेकड्या चढते-उतरते. परवाना बालिंतकडेही आहे. तो मिळाला त्या दिवसापासून कपाटात आहे.

“तू चालवत नाहीस बालिंत, तू बसतोस,” असं ती म्हणायची, आणि ते त्याला फार लागायचं. शर्यतपटू होणं वगैरे राहू दे. इबोयाने एकदा, फक्त एकदा, “बरा चालवतोस हो” म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

सिनेमाला प्रेक्षकांची गर्दी लागणार होती, म्हणून अख्ख्या गावाने नावं दिली. या दोघांनीही दिली. आठवडाभराने कंपनीची सगळी पाकिटं, गावकऱ्यांची आणि बाहेरून येणाऱ्या चालकांचीही, गावच्या पोस्टात आली. ती लावता लावता बालिंतच्या हाती एक पाकीट आलं. वर नाव, मार्तोन बालिंत. खाली लिहिलं होतं, चालक.

इथे एक सांगायला हवं. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव मागून. मार्तोन हे याचं आडनाव, पण ते नाव म्हणूनही चालतं. बालिंत हे नाव, पण ते आडनाव म्हणूनही खपतं. बुडापेस्टमध्ये बालिंत मार्तोन नावाचा एक कसलेला गडी होता, सिनेमांतून गाड्या उलथ्यापालथ्या करणारा. कंपनीच्या परदेशी कारकुनाने आपल्या रीतीप्रमाणे सगळ्यांची नावं उलटी लिहून काढली. त्यात तो झाला मार्तोन बालिंत, चालक. आणि आमचा पोस्टवाला झाला बालिंत मार्तोन, प्रेक्षक.

दुसऱ्या कोणाचं पाकीट असतं तर बालिंतने नाव-पत्ता तीनदा ताडून पाहिला असता. स्वतःचं म्हटल्यावर त्याने ते सरळ फोडलं. गेममधल्या आपल्या फेऱ्यांच्या वेळा इंटरनेटच्या तारेतून कुठेतरी पोचतात, हे मुलाने त्याला सांगितलंच होतं. शेवटी पोचल्या म्हणायच्या.

“तुला? गाडी चालवायला?” इबोया म्हणाली. “त्यांनी तुला पाहिलंय का?”

“पाहावं लागत नाही. आकडे बोलतात.”

“मग आकड्यांनाच बसवा म्हणावं गाडीत.”

शूटिंगच्या दिवशी इबोया प्रेक्षकांत जाऊन बसली आणि बालिंत चालकांच्या तंबूत शिरला. तिथे दालमा नावाची हंगेरियन मदतनीस होती. शर्यतीचा सूट बालिंतच्या पोटापर्यंत आला आणि तिथे अडला. आतून पॅडिंग घातलंय का, असं तिने विचारलं. बालिंत हो म्हणाला. (आणखी काय म्हणणार?)

“मार्तोन बालिंत तुम्हीच ना?”

“जन्मापासून.”

“अनुभव?”

“सहा वर्षं. अकराशे चाळीस शर्यती.”

“अपघात?”

“मोजले नाहीत. शंभरेक वेळा तरी गाडी उलटली असेल. दोनदा पेटली.”

दालमाने मान वर केली. “आणि तुम्ही?”

“मी काय, कॉफी घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.”

असा माणूस दाखवायला तिने शेजारच्या तंबूतल्या दोघांना बोलावून आणलं. बालिंतला वाटलं, चला, कदर करणारी माणसं आहेत जगात.

गाडी वरून शर्यतीची होती आणि आतून साधी. उभी होती चढावर. बालिंत आत बसला, पट्टे आवळले गेले, हेल्मेट चढलं. मग त्याने खाली पाहिलं. सोफ्यापुढे दोन पॅडल असायची. इथे तीन होती. विचारावं तर लाज जाणार. तिसरं पाय टेकायला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि गाडी चालू केली.

गाडीने एक उडी मारली आणि ती मेली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी, पुन्हा मेली. तिसऱ्यांदा तिने उडी मारायचाही कंटाळा केला आणि ती मागे घरंगळू लागली. वेग एवढाच, की शेजारून चालत जाता यावं. दिग्दर्शक, कॅमेरेवाले, दालमा, सगळे बाजूने चालत चालत त्याला सल्ले देऊ लागले.

“ब्रेक दाबा,” दालमा म्हणाली.

“तोच शोधतोय.”

“मधला.”

“इथे सगळेच मधले वाटतायत हो.”

टायरांच्या ढिगाला टेकून गाडी थांबली. कोणाला काही लागलं नाही. बालिंत हेल्मेट न काढता तसाच बसून राहिला. त्याला वाटत होतं, हे इबोयाने पाहिलं नसलं तर फार बरं होईल.

इबोयाने सगळं पाहिलं होतं. ती पायऱ्या उतरून येतही होती, आणि तिच्या मागोमाग एक काटकुळा, उन्हाने लाल झालेला माणूस हातात कागदी झेंडा घेऊन येत होता. फाटकावर त्याला प्रेक्षकाचा पास मिळाला होता आणि बोलावतील तेव्हा जा, असं सांगून तीन तास इबोयाशेजारी बसवलं होतं. गाडी मागे जायला लागली तेव्हा तिने त्याला नाव विचारलं, आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

हाच तो बुडापेस्टचा बालिंत मार्तोन. तो गाडीला हात लावेना. आधी माफी मागा, मग बसतो, म्हणाला. दिग्दर्शक आभाळाकडे बघत होता. ढग येत होते आणि चढावरचा प्रसंग राहिला होता. मग इबोया पुढे झाली आणि तिने गाडीचं दार उघडलं.

“सरक.”

बालिंत उतरला. तिने त्याचं हेल्मेट घातलं आणि गाडी चढावर अशी नेली, जशी काही बालवाडीत पोरांची जेवणं चालली आहेत. कुठे थांबायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून अख्खा फेराच मारून आली. दिग्दर्शकाने कॅमेरे चालूच ठेवले होते.

दालमा आता नावांना घाबरली होती. कागदोपत्री आहे तसंच, अक्षरही इकडचं तिकडे न करता सांगा, म्हणाली. इबोयाने सांगितलं. इथल्या जुन्या वळणाच्या बायका लग्नात नवऱ्याचं अख्खं नाव घेतात आणि त्याच्या शेवटी ‘ने’ जोडतात. ‘ने’ म्हणजे अमक्याची बायको. तेव्हा दालमाच्या वहीत लिहिलं गेलं, मार्तोन बालिंतने.

वर्षभराने सिनेमा गावच्या सभागृहात लागला. शेवटी नावं सरकायला लागली आणि “चढावर गाडी चालवली” याच्यापुढे मार्तोन बालिंत एवढं दिसताच आमचा गडी उठून उभा राहिला आणि मागे वळून त्याने लोकांना वाकून नमस्कारही केला. पुढचं अक्षर पण वाच की, असं मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून माझ्याकडे आला. मला वाईट वाटलं, म्हणून मी त्याला एक गुपित सांगितलं. आमच्या भाषेत ‘बालिंतने गाडी चालवली’ म्हटलं की ती बालिंतनेच चालवली असते, बायकोचा काही संबंध नाही. त्याचा चेहरा उजळला. ते वाक्य त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि ही हकीकत लिहायची तर मराठीतच, दुसऱ्या कुठल्या भाषेत नाही, असं वचन घेऊन तो गेला.

संध्याकाळी मी हे इबोयाला सांगितलं.

“म्हणजे तुमच्या भाषेतसुद्धा,” ती म्हणाली, “माझं शेपूट लावल्याशिवाय याची गाडी हलत नाही.”