अप्पा आणि साखरीच्या हिरड्या

आमच्या गल्लीतले वीरभद्रअप्पा आठवड्यातून एकदा आमच्याकडे यायचे. आल्यावर आधी मांजरीचा ओठ अंगठ्याने वर करून हिरड्या बघायचे, मग मला ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार करायचे. उदगीरला त्यांनी आयुष्यभर फवारणीची औषधं विकली. दुकान बंद झालं, पण कशाने कोण मरतं याची काळजी काही सुटली नाही. कुणी फिनेलने फरशी पुसली की अप्पा दारात हजर. “वाळंस्तोर मांजर आत घेऊ नका. ती पाय चाटती, तुम्ही चाटत न्हाई.”

माझी पत्नी सुमन जाऊन दोन महिने झाले होते. साखरी तिची मांजर. एका सकाळी ती खाईना, अंगही गरम लागलं. सुमनला तापात जी गोळी द्यायचो, तिचाच पाव तुकडा मी साखरीला भरवला. दुपारी ती धापा टाकू लागली. तोंड सुजलं होतं. मी अप्पांना हाक मारली.

त्यांनी ओठ वर केला. हिरड्या चॉकलेटी पडल्या होत्या. त्या दिवशी ते शरणार्थ म्हणाले नाहीत.

“काय दिलाव हिला?”

“काही नाही.”

“गुरुजी, लाजायचं मागून. पुडा आणा.”

मी गोळ्यांचं पाकीट आणलं. “माणसाला दवा, मांजराला जहर! किती वाजता दिलाव?”

“आठला.”

एवढ्यात शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन आल्या. “पाजा, उलटी होईल.”

“काकू, ते वरणात घाला,” अप्पा म्हणाले. “दम लागलेल्या जीवाच्या नरड्यात काई ओतायचं न्हाई.”

साखरीला पिशवीत घालून आम्ही त्यांच्या स्कूटरवर जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाकीट पाहिलं, ऑक्सिजन लावला, उताऱ्याचं औषध सलाईनमधून सुरू केलं. “दोन दिवस काही सांगता येत नाही,” म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मी म्हणालो, “सुमनची एवढीच राहिली होती अप्पा. आणि मीच...”

“तुम्ही पुडा दाखवलाव. लई लोक दाखवत न्हाईत.”

तिसऱ्या दिवशी हिरड्यांवर गुलाबी रंग आला. साखरी घरी आली. त्यानंतर अप्पा रोज दोनदा हिरड्या बघायला येऊ लागले. आठव्या दिवशी दारात चप्पल घालताना खाली बघत म्हणाले, “ठणठणीत हाय आता. उद्यापास्नं मी रोज यायचं काई कारण न्हाई.”

“साखरी बरी झाली अप्पा,” मी म्हणालो. “माझं अजून बाकी आहे.”

त्यांनी चप्पल काढली आणि आत येऊन बसले.