अकरा वापरकर्ते, नऊ पदाधिकारी

एखादी वस्तू सर्वांची झाली, की ती सांभाळायला खुर्च्या लागतात. खुर्च्यांवाचून वस्तू टिकत नाही, असा ज्येष्ठांचा अनुभव आहे. (खुर्च्या मात्र वस्तूवाचूनही टिकतात.)

विशाखाला हे ठाऊक नव्हतं, कारण तिचं शिक्षण विज्ञान शाखेत झालं होतं. दुष्काळ जाहीर झाला त्या वर्षी संभाजीनगरच्या नालंदानगरात आठव्या दिवशी नळाला पाणी येई, आणि नक्की किती वाजता, ते फक्त व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कडुबाला माहीत असे. विशाखाची आई भामाबाई चौदा जणांना डबे देई. पाणी चुकलं, की आठ दिवस डबे बंद. म्हणून विशाखाने तीन पाळ्या कडुबामागे हिंडून व्हॉल्व्हचा क्रम लिहून घेतला आणि एक छोटा प्रोग्राम रचला. मोबाइलवर प्रत्येक गल्लीला आपली वेळ दिसू लागली. प्रोग्राम ओपन सोर्स होता: त्याचा कोड सर्वांना खुला, कुणीही न्यावा, सुधारावा. एकूण ओळी तीनशे बारा. वापरणारे अकरा. सुधारणारी एकच, देवगाव रंगारीची प्रांजली. तिने टँकरच्या वेळा जोडून दिल्या होत्या.

विशाखाचे काका साहेबराव एका कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो बिनतोड होता.

"पोरी, उद्या तू लग्न होऊन पुण्याला गेलीस, तर हे कुणाचं?"

जो चालवील त्याचं, असं विशाखा म्हणाली. हे उत्तर बेजबाबदार ठरवून काकांनी नियामक मंडळ स्थापन केलं.

मंडळ गल्लीतल्याच नऊ जणांचं होतं. अकरा वापरकर्त्यांपैकी नऊ, म्हणजे ब्याऐंशी टक्के प्रतिनिधित्व. एवढं अजून कोणत्याही लोकशाहीला साधलेलं नाही. उरलेल्या दोघी म्हणजे प्रांजली आणि भामाबाई. एकीला कोड येत होता आणि दुसरीला वेळ नव्हता. अध्यक्ष अर्थातच काका. उपाध्यक्ष दोन होते, त्यांतले एक ज्येष्ठ. खजिनदार सर्जेराव होते (खजिना नव्हता), म्हणून प्रोग्रामचा पासवर्ड सीलबंद पाकिटात घालून त्यांच्या कपाटात ठेवण्यात आला. विशाखाला 'आद्य प्रवर्तक' हे पद मिळालं. त्याला शाल होती, मत नव्हतं.

सेहेचाळीस पानांची नियमावली झाली. देशाच्या घटनेला दोन वर्षं अकरा महिने लागले होते, आपण दोन महिन्यांत उरकलं, असं काका अभिमानाने म्हणाले. विशाखाने मनात त्रैराशिक मांडलं. ती घटना पस्तीस कोटी लोकांसाठी होती. त्याच वेगाने अकरा जणांचं काम तीन सेकंदांत व्हायला हवं होतं. पण मंडळापुढे त्रैराशिक मांडायचं, तर अर्ज सात दिवस आधी द्यावा लागे.

मे महिन्यात नालंदानगरामागे नवीन वसाहत जोडली गेली आणि कडुबाने क्रम उलटा केला. तो स्वतः सांगायला आला.

"ताई, आता तुमची गल्ली पयली. मंगळवारी दुपारी चारला नाय, सकाळी दहाला येईन पाणी."

प्रोग्राममधली एक ओळ बदलायची होती. कलम चौदानुसार तिला मंडळाची मंजुरी हवी होती. ओळीच्या अभ्यासासाठी त्रिसदस्य उपसमिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालावर विचार करायला विशाखाच्याच घरी बैठक बोलावण्यात आली. मंगळवारी, सकाळी दहाला. त्या वेळी सगळे मोकळे होते, कारण प्रोग्रामवर पाणी चारला दिसत होतं.

विशाखाने हरकत घेतली. काकांनी तिला शांतपणे समजावलं.

"ठराव होईपर्यंत पाणी चारलाच येतं."

पाण्याने नियमावली वाचलेली नव्हती. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून होत होतं, तेवढ्यात दहाला नळ खळखळला आणि भामाबाईने मोटार लावली. आवाजात इतिवृत्त ऐकू येईना. अध्यक्षांनी मोटार बंद करण्याची सूचना मांडली आणि ज्येष्ठ उपाध्यक्षांनी तिला अनुमोदन दिलं.

भामाबाई पदराला हात पुसत दारात आली. "भावजी, चौदा डब्यांचा सवाल हाय. मोटार बंद नाय व्हनार. तुमच्या घरीबी आलंच असंल की पाणी."

नऊ माना एकदम आपापल्या घरांकडे वळल्या. पण गणसंख्या मोडली असती, म्हणून कुणी उठलं नाही. कडुबा पाना खांद्यावर टाकून दाराशी चहाला थांबला होता. तो म्हणाला, "व्हॉल फिरवाया एकच मानूस लागतो, साहेब. नऊ जन आले, तं पाना कोन धरीन?" त्याचं म्हणणं इतिवृत्तात घेतलं नाही, तो निमंत्रित नव्हता.

विशाखा शाल खुर्चीवर ठेवून अंगणात गेली आणि तिने प्रांजलीला फोन लावला. "कोड खुला आहे. घेऊन जा, आणि ती ओळ उलटी कर."

दहा चाळीसला पाणी गेलं. दहा पन्नासला ठराव एकमताने मंजूर झाला. अंमल पासवर्ड मिळाल्यावर. सर्जेरावांच्या कपाटाची किल्ली लासूर स्टेशनला मेहुण्याकडे राहिली होती. भामाबाईची टाकी काठोकाठ भरली होती. संध्याकाळी तिच्या दारात नऊ हंडे रांगेत लागले (ज्येष्ठतेनुसार).

आज प्रांजलीकडचा प्रोग्राम चारशे लोक वापरतात. लिहिणारे हात सहा झाले, ते एकमेकांच्या ओळी पुसायला लागले, तेव्हा विशाखाने दोन नियम लिहिले. तेवढे पुरतात.

मूळ मंडळ सुस्थितीत आहे. बैठका वेळेवर होतात, एका जागेची भर घालायची आहे. हे वाचताना ज्यांना मनातून वाटलं, की नऊऐवजी चांगले पाचच जण घेतले असते तर मंडळ चाललं असतं, त्यांची नावं काकांनी तिसऱ्या उपाध्यक्षपदासाठी लिहून घेतली आहेत.