कॉन्टेसाला ताप

दिशाच्या गुलाबी बाथटबमध्ये कार्ब्युरेटर आंघोळ करत होता. मिताली बाथरूमच्या दारातच थांबली. तिच्या कडेवरून अकरा महिन्यांची दिशा आपल्या जागी हे कोण येऊन बसलंय, ते वाकून बघत होती.

"पेट्रोलनं धुतलाय. एकदम चकाचक," दीपेश म्हणाला.

मितालीनं आधी स्वयंपाकघरातला गॅस बंद केला, मग सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मगच नवऱ्याकडे बघितलं. तिचा हा ठरलेला क्रम होता. आधी धोका, मग राग.

"पोरीचा टब आहे तो, दीपेश!"

"अगं, फक्त रविवारपर्यंत."

रविवारी जासईला प्रितमची हळद होती. प्रितम हा शेवंताबाईंच्या, म्हणजे मितालीच्या सासूबाईंच्या भावाचा मुलगा. त्याच्या आईचं, धोंडूबाईंचं लग्न झालं तेव्हा नवी नवरी पांढऱ्या कॉन्टेसातून जासईत आली होती. शेवंताबाई नवऱ्या मुलाची सख्खी बहीण. हौसेनं गाडीत बसायला गेल्या, तर नवरीनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "वन्सं, तुमी मागून टेम्पोत या. मासलीचा वास येतंय."

शेवंताबाई टेम्पोतून आल्या. या गोष्टीला सदतीस वर्षं झाली, पण त्या टेम्पोतून त्या अजून उतरल्या नव्हत्या.

म्हणून न्हावा शेव्याच्या एका गोदामामागे बॉनेटमधून रुई उगवलेली कॉन्टेसा दिसली, तेव्हा दीपेश कुणालाही न विचारता ती ओढून सारसोळ्याला घरी घेऊन आला. ऐन तारुण्यात ही गाडी म्हणजे रस्त्यावरचा पैलवान. आता पैलवानाच्या बरगड्या मोजता येत होत्या. बजेट म्हणावं तर दीपेशचा बोनस, आणि तो दिशाच्या बारशातच जेवून गेला होता. तेव्हा जिथून जे मिळेल त्यावर गाडी उभी राहिली. सीटला सोफेवाल्याकडचं उरलेलं कापड लागलं, त्यामुळे आत शिरलं की कुणाच्या तरी हॉलमध्ये आल्यासारखं वाटे. होडी रंगवून उरलेले दोन डबे होते, म्हणून रंग झाला गडद निळा. इंजिन बांधलं रोहिदासमामांनी. हे सासूबाईंचे मावसभाऊ. जेट्टीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती.

मिताली गॅलरीतून सगळ्यावर डोळा ठेवून असे. गाडीला सीटबेल्ट तिनं भांडून बसवून घेतले, पासिंग-पीयूसीची फाइल तिनंच केली. एकदा खाली उतरून तिनं मामांना विचारलंसुद्धा.

"मामा, हा पेट्रोलचा पाइप इंजिनाला एवढा चिकटून गेलाय. तापणार नाही ना?"

"सूनबाय, चालीस वर्सं इंजिनं बांधतंय. एक तापलं नाय!"

हे खरंच होतं. पण मामांच्या प्रत्येक इंजिनाखाली त्याला गार ठेवायला अख्खी खाडी असायची, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. मितालीच्या मनात शंकेची पाल जराशी चुकचुकली. पण ती दिवसाला चाळीस शंका काढायची, एकेचाळिसावी ऐकायला कुणाला वेळ होता?

रविवारी दुपारी तीन वाजता कॉन्टेसा निघाली. मागच्या सीटवर शेवंताबाई नऊवारी नेसून, नाकात नथ घालून बसल्या होत्या. डिकीत माहेरच्यांसाठी पापलेटांचा, बर्फ घातलेला थर्माकोलचा खोका होता. आणि मितालीच्या पायाशी होती तिची नेहमीची बॅग. तिच्यात चौदा लंगोट, थर्मामीटर, ओआरएस, तीन बाटल्या पाणी, टॉर्च आणि देव जाणे काय काय होतं. दीपेश त्या बॅगेला आयसीयू म्हणायचा.

"आठ दिवसांच्या ट्रेकला चाललोय का आपण?" दीपेश म्हणाला.

"राहू दे ना. तुझ्या मांडीवर ठेवलीये का?"

पामबीच रोडला गाडी अशी काही पळाली की सिग्नलला शेजारच्या नव्या एसयूव्हीवाल्यानं काच खाली केली. "कुठलं मॉडेल, साहेब?" शेवंताबाईंनी आतूनच उत्तर दिलं, "घरचंच हाय!"

पुढे गव्हाण फाट्याला कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागली. मे महिन्याचं ऊन, मागेपुढे ट्रेलर, गाडी गोगलगायीच्या चालीनं सरकतेय. अर्ध्या तासानं कॉन्टेसानं दोन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली. ढकलून तिला कडेला घेतलं. दीपेशनं चावी फिरवली, पुन्हा फिरवली, शेवटी हात जोडून फिरवली. नाहीच. मग मामांना फोन लावला.

"तापलं असंल त पान्यात उतरव," मामा म्हणाले.

"मामा, गाडी आहे ही!"

"मंग मना काय इचारतंस?"

फोन ठेवतो न ठेवतो तोच धोंडूबाईंचा फोन आला. दीपेशनं गडबडीत तो स्पीकरवर घेतला. "कवरी वाट बगायची? हलद लावायला आत्या पायजे ना! गाडी बंद परली असंल त सांगा, टेम्पो पाठवतंय!"

शेवंताबाईंचा चेहरा उतरला. पदर सावरत त्या उठल्या. "दीपेश, मी चालत जान. पन टेम्पोत पाय ठेवनार नाय." मितालीनं त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

तिनं दिशाला सासूबाईंकडे देऊन दोघींना चहाच्या टपरीच्या सावलीत बसवलं. सवयीनं दिशाच्या कपाळासमोर थर्मामीटर धरला. नॉर्मल. आणि तो खाली करताना तिची नजर उघड्या बॉनेटकडे गेली. दुधाच्या बाटलीची उष्णता बघायला त्या थर्मामीटरला वेगळं बटण होतं. तिनं ते दाबलं आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर नेम धरला.

"एक्याऐंशी!"

"काय करतेयस?" दीपेशनं कपाळावर हात मारला.

"हे बघ, फिल्टरमध्ये पेट्रोलला बुडबुडे आलेत. पाइपातच उकळतंय ते, पुढे जाणार कसं? तुझ्या गाडीला ताप आलाय. पट्ट्या ठेवायला हव्यात."

"पट्ट्या?"

"डिकी उघड. बर्फ आण."

"अगं, पापलेटांचा आहे तो!"

"मग पापलेटांना विचारून आण!"

पिवळ्या बदकांचे चार लंगोट बर्फाच्या पाण्यात बुडाले आणि पंपावर, पाइपावर बसले. मिताली मिनिटा-मिनिटाला पट्टी बदलत होती आणि आकडे सांगत होती. सत्तर. एकसष्ट. अडलेल्या ट्रेलरचे चार ड्रायव्हर भोवती जमले. पन्नास. कुणी बोलेना. आयसीयूच्या बाहेर बोलत नाहीत तसं. त्रेचाळीस.

"आता मार स्टार्टर."

कॉन्टेसा एकदा खोकली, दोनदा खोकली आणि अशी गरजली की ट्रेलरवाल्यांनी हॉर्न वाजवून सलामी दिली. दिशा टाळ्या पिटायला लागली. दीपेश बायकोकडे नुसता बघत राहिला. "बघतोस काय? पुढची पट्टी दहा मिनिटांनी," मिताली म्हणाली.

तीनदा थांबून, तीनदा पट्ट्या बदलून गाडी जासईत शिरली. मांडवातली गर्दी बँड सोडून गाडीभोवती गोळा झाली. मुंडावळ्या बांधलेला नवरा मुलगा प्रितम धावत आला. "आत्या, काय कडक गाडी हाय! उद्या वरात हिच्यातनंच जानार!"

गर्दीतून वाट काढत धोंडूबाई आल्या. तापलेल्या इंजिनावर पापलेटांचं पाणी तासभर शिजलं होतं. त्यांचं नाक हललं.

"गाडीला कसला वास येतंय गो?"

"मासलीचा," शेवंताबाई आत बसूनच म्हणाल्या. "दार उघडा ना, वैनी."

धोंडूबाईंनी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी फुलांच्या माळा लावून कॉन्टेसा वरातीला उभी राहिली. पुढे दीपेशशेजारी नवरा. दीपेशनं चावी हातात धरली, पण फिरवली नाही. वळून हळूच म्हणाला, "मितू, बॅग घेतलीस ना?"

"कुठली? आयसीयू?"

"अगं, घेतलीस ना?"

मागे मिताली, तिच्या मांडीवर दिशा, आणि शेवंताबाई. नवऱ्याच्या आईची जागा राखून ठेवली होती. धोंडूबाई दारापाशी आल्या, वास आला, थबकल्या.

"या वैनी, बसा," शेवंताबाई प्रेमानं म्हणाल्या. "वास सोसत नसंल त मागून टेम्पो येतंय."

व्हिडिओवाला समोरच होता. धोंडूबाईंचा पदर नाकाकडे निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि डोक्यावर जाऊन बसला. त्या आत शिरल्या. दार लागलं, बँड सुरू झाला. वेशीपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला, मग मितालीच्या कानाशी लागल्या.

"सूनबाय, तुज्या बॅगेत सगला असतं म्हनतात. जरा अत्तर-बित्तर हाय का गो?"

मितालीच्या बॅगेत सगळं होतं. दिशाच्या कोलोनची नवी कोरी बाटली तर अगदी वरच होती. तिनं सासूबाईंकडे बघितलं. खिडकीच्या काचेवर कोपर टेकवून शेवंताबाई राणीसारख्या बाहेर बघत होत्या.

"नाही हो, मामी," मिताली म्हणाली आणि बॅगेची चेन लावून टाकली.