सगळ्या टेबलांवरचा पाळणा

बाळंतपणाची रजा संपवून ती हजर झाली, त्याच दिवशी साहेबांनी ऑफिसातले सगळे संगणक तिच्या गळ्यात घातले. प्रत्येकावर लिनक्स ही नवी प्रणाली चढवायची आणि सगळे एकमेकांना जोडायचे.

"जमेल ना? की बाहेरचा माणूस बोलावू? तुमचं अर्धं लक्ष घरी असणार."

बाहेरचा माणूस एकदा आत आला की आतल्या माणसाला बाहेरची वाट धरावी लागते, हे तिला कळत होतं. "घरी सासूबाई आहेत, साहेब. मी घराकडे बघतसुद्धा नाही," तिने ठणकावून सांगितलं.

सांगत होती तेव्हाही तिच्या संगणकाच्या पडद्यावर, कोपऱ्यात, घरचा पाळणा दिसत होता. त्यावर तिने कॅमेरा लावला होता. संगणक सुरू होताच सगळ्यात आधी पाळणा उघडावा, चुकून बंद केला तर आपोआप पुन्हा उघडावा आणि बाळ रडलं की आवाज वाढावा, अशी सोय तिने स्वतः लिहून काढली होती. कॉलेजातलं शिक्षण इतकं मन लावून तिने आजवर कुठेच वापरलं नव्हतं.

आपला संगणक छान बसलाय, मग बाकीच्यांवर वेगळी डोकेफोड कशाला, असा विचार करून तिने त्याचीच हुबेहूब प्रत सगळ्यांवर चढवली. दोन संगणकांचं नाव आणि पत्ता एकच राहिला तर नेटवर्कमध्ये भांडणं लागतात, म्हणून प्रत्येकाचं नाव बदललं, पत्ता बदलला. मग पुन्हा तपासलं. घराला कुलूप लावल्यावर जिना उतरून परत चढणारी बाई ती. एकदा तपासून तिचं भागत नसे. जे तपासायला सुचलंच नाही ते मात्र जागच्या जागी राहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून सगळ्यांनी एकदम संगणक सुरू केले आणि टेबलाटेबलावर पाळणा उघडला. हिशेब बघणाऱ्या बाईंनी तो बंद केला, तो परत आला. त्यांनी पुन्हा बंद केला, तो पुन्हा आला. "अगं, किती चिवट आहे हा," त्या म्हणाल्या. ती कीबोर्ड हिसकावून घेत या टेबलावरून त्या टेबलावर धावत सुटली, आणि स्वतःच्याच हुशारीपुढे तिचं काही चालेना. तेवढ्यात बाळ रडलं. सगळ्या टेबलांवरून, पूर्ण आवाजात.

पडद्यावर सासूबाई आल्या. "रडू नको रे राजा. आई बघतेय हं कॅमेऱ्यातून. दिवसभर तेवढंच करते. ऑफिसात काम कधी करते कोण जाणे."

साहेबांच्या केबिनमधून हे जास्तच स्पष्ट ऐकू आलं. तिथले स्पीकर चांगले होते.

आता बाहेरचा माणूस येणार, हे धरूनच ती आत गेली. "साहेब, लगेच काढते. माझीच चूक..."

"थांबा जरा," साहेब पडद्यावरची नजर न हटवता म्हणाले. "वळतोय तो."

सासूबाई दूध आणायला वळल्या होत्या. बाळ कुशीवर आलं होतं आणि एक हात अंगाखाली अडकला होता. बाहेर हिशेबवाल्या बाई "काढ, काढ हात" म्हणत होत्या. हात निघाला आणि बाळ पालथं पडलं. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर टाळ्या वाजल्या. ती साहेबांच्या टेबलाचा कोपरा धरून रडायला लागली.

"सगळीकडे एकाच वेळी दिसलं," साहेब घसा खाकरून म्हणाले. "म्हणजे नेटवर्क उत्तम चाललंय. बाहेरचं कुणी नको. बाकीच्यांच्या संगणकांवरून हे काढा." स्वतःच्या संगणकाबद्दल ते काही बोलले नाहीत.

तिने बाकीचे संगणक साफ केले आणि जागेवर येऊन टेकली. लगेच केबिनमधून फोन आला. पाळणा रिकामा दिसतोय, असं साहेबांचं म्हणणं. आंघोळीला नेलं असेल, तिने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा फोन.

"अहो, परत पालथा झालाय. असं नाक नाही ना दाबलं जात?"

"छे हो साहेब, काही होत नाही. मुलं होतातच पालथी," ती अगदी अनुभवी सुरात म्हणाली, आणि फोन ठेवून तिने घाईघाईने सासूबाईंचा नंबर लावला.